पेटीची आवृत्ती

नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्न उमटला तेव्हा ती सवयीने ‘होय’ म्हणणारच होती. प्रश्न अगदी घरगुती होता. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची?’ प्रकाशन संस्थेत संपादकाच्या खुर्चीवर बसून ती दिवसभर दुसरं काय करत होती? मजकूर आला की फॉरमॅट करायचा. समास सारखे, परिच्छेद नीट, शीर्षकं मधोमध. बाबांची पेटी आपण होऊन नीटनेटकी व्हायला निघाली आहे, हे तिला बाबांच्या स्वभावाला धरूनच वाटलं. बोट एंटरवर टेकलंसुद्धा. पण बारीक अक्षर वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही ही नोकरीतली दुसरी सवय ऐन वेळी कामाला आली. खाली लिहिलं होतं, ‘डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल.’

तिने बोट उचललं आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं. आपल्याच बोटाचा आता भरवसा उरला नव्हता.

पेटी म्हणजे जाड शब्दकोशाएवढा काळा डबा. आत दोन डिस्क फिरायच्या आणि त्यांची बारीक घुमघूम चालायची. त्या पेटीत बाबांचा आवाज होता. जगात आणखी कुठेही नव्हता. आईच्या डोळ्यांची मधली दृष्टी गेली होती. समोरच्या माणसाचा चेहरा असतो नेमका तिथे धुरकट डाग आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. जन्मभर वाचत आलेल्या बाईची पुस्तकं अशी मिटली. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहील की नाही हे डॉक्टर नक्की सांगेनात, तेव्हा बाबा मागच्या खोलीत दार लावून बसले आणि आईच्या आवडीची कपाटभर पुस्तकं त्यांनी मोठ्याने वाचून पेटीत भरली. ऑपरेशननंतर आवाज गेला. मग काही महिन्यांनी बाबाही गेले.

आई रोज दुपारी एकच प्रकरण ऐकायची. जास्त नाही. औषध पुरवून घ्यावं तसं. सध्या एक जाडजूड कादंबरी चालू होती. तिच्यातली विधवा सासरच्या लोकांशी घरासाठी भांडत कोर्टात उभी होती आणि आज निकाल लागायचा होता.

एवढं सगळं एकाच डब्यात, आणि दुसरी प्रत नाही, या विचाराने मुलीची झोप उडाली होती. जुना कॉम्प्युटर आताशा चालू होताना दम लागल्यासारखा घरघरायचा. म्हणून तो दुकानात देऊन तिने नवा आणला. पेटी त्याला जोडायची, नक्कल काढायची, निर्धास्त व्हायचं. तर नवा कॉम्प्युटर म्हणाला, मी हिला ओळखत नाही. पेटीशी बोलायला त्याला ‘ड्रायव्हर’ हवा होता. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाषा, एक छोटासा प्रोग्रॅम, एवढं तिला माहीत होतं. कंपनीच्या साइटवर असे तीन दुभाषे एका रांगेत उभे होते. हार्डवेअर आवृत्ती १ साठी, २ साठी, ३ साठी.

आवृत्ती! या शब्दावर तर तिचं घर चाललं होतं. पहिली आवृत्ती कोण घेतं? पहिल्या आवृत्तीत चुका असतात, आणि त्या कुणी राहू दिल्या हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. दुसरीत त्यातल्या निम्म्या जातात. तिसरी म्हणजे सुधारून वाढवलेली. तिने डोळे झाकून तिसरी घेतली.

आणि दुभाष्याने कॉम्प्युटरला बहुधा सांगितलं होतं की पेटी कोरी आहे.

“लागली का गं?” बाहेरच्या खोलीतून आईने विचारलं.

“लागतेय.”

“मग बोलत का नाही?”

“अजून मांडामांड चाललीय, आई. नवीन आहे ना.”

‘होय’च्या शेजारी दुसरं बटण होतं, ‘रद्द करा’. तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. क्रियापद होतं, कर्म नव्हतं. काय रद्द करा? विचारलेला प्रश्न, की डिस्क? एखाद्या लेखकाने असं वाक्य पाठवलं असतं तर तिने शेजारी समासात प्रश्नचिन्ह काढून परत धाडलं असतं. इथे समास नव्हता आणि परत धाडायचीही सोय नव्हती. एकीकडे पुसून टाकणारं बटण, दुसरीकडे अर्धवट वाक्य.

दारावरची बेल वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मग थोडी लांब वाजली. अशी बेल एकच माणूस वाजवायचा.

लिफ्टकाका बाबांचे धाकटे भाऊ. नोकरीभर त्यांनी इमारतींमधल्या लिफ्ट तपासल्या. निवृत्त झाले तरी बटण दिसलं की ते दाबून, सोडून, परत दाबून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रोज दुपारी ते ‘सहज, चहाला’ यायचे आणि चहा झाल्यावर वहिनींशेजारी बसून भावाचं प्रकरण ऐकायचे. चहा त्यांना डॉक्टरांनी बंद केलेला होता.

“काय, आज निकाल ना?” त्यांनी आल्या आल्या हात चोळले.

“आज मी वाचून दाखवते,” ती घाईघाईने म्हणाली. “मशीन नवीन आहे, जरा मुरू दे.”

“लोणचं आहे का ते?” काका म्हणाले.

कपाटातून छापील पुस्तक काढून ती आईसमोर बसली. न्यायाधीश आले, वकील उठले, विधवेने पदर सारखा केला. आई मान तिरकी करून ऐकत होती. पानभर झाल्यावर म्हणाली, “छान वाचतेस. पण तू स्वल्पविराम वाचतेस गं. ते माणसं वाचायचे.”

ती काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला. टक्.

काकांची खुर्ची रिकामी होती. हातातलं पुस्तक कुठे पडलं हे तिला कळलं नाही. ती आत धावली तेव्हा काका टेबलापाशी उभे होते आणि पडद्याकडे बघत होते.

“काय दाबलंत? काका, काय दाबलंत?”

“पेन.” त्यांनी हातातलं बॉलपेन दाखवलं. टक्. परत टक्. “खटका जरा ढिला आहे.”

पडद्यावर प्रश्न अजून तसाच होता. तिने स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली आणि एंटरवर उपडी घातली.

“हात मागे घ्या. दोन्ही.”

“अगं, मी नुसतं बघतोय.”

“बघा ना. हातांनी बघू नका.”

काकांनी चष्मा वर केला. “‘होय’ म्हण की. इतकं नम्रपणे विचारतंय.”

“होय म्हटलं तर बाबा पुसले जातील,” ती हळू आवाजात म्हणाली.

काकांनी हात आपणहून खिशात घातले. थोड्या वेळाने त्यांना तेवढंही पुरेसं वाटेना, म्हणून ते हातांवर बसले. “मग ते दुसरं?”

“ते काय रद्द करतं ते लिहिलेलं नाही.”

“आमच्या लिफ्टला हे बटणच नव्हतं,” काका म्हणाले. “एकदा आत शिरलात की जायचंच.”

ती कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावायला खिडकीपाशी गेली. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एका बाईचा टवटवीत आवाज आला. मुलीने सगळं एका दमात सांगितलं.

“हरकत नाही, मॅडम. बॅकअप आहे ना?”

“तोच घ्यायला निघाले होते.”

पलीकडून “अच्छा” असं काहीतरी आलं. ते ‘अच्छा’ ऐकून तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काही पुसलं गेलंय का हो?”

“‘होय’ दाबलंत का?”

“नाही.”

“मग पुसलं गेलं नसावं.”

“नसावं?”

“खात्री देता येत नाही, मॅडम. आमचं धोरण आहे.”

वर्षानुवर्षं ती लेखकांना सांगत आली होती की विध्यर्थ जपून वापरा. त्याची भीती वाटू शकते हे मात्र आज पहिल्यांदा कळलं.

“ड्रायव्हर कुठला टाकलात?”

“तिसऱ्या आवृत्तीचा. सगळ्यात ताजा.”

“आणि तुमची पेटी कुठल्या आवृत्तीची आहे?”

“पेटीला आवृत्ती असते?”

“असते ना, मॅडम. बाहेरून तिन्ही अगदी सारख्या दिसतात, आतलं सर्किट वेगळं असतं. ड्रायव्हर नवा असून उपयोग नाही. पेटीशी जुळणारा पाहिजे. तळाला लेबल असेल बघा, त्यावर लिहिलेलं असतं. पण चालू असताना उलटी करू नका हं. आत डिस्क फिरतेय.”

उलटी करायची नाही आणि तळ वाचायचा. इथे मात्र काका खुलले. लिफ्ट खालून, खड्ड्यात उतरून बघायची असते, हे ते आयुष्यभर करत आले होते. कुणी नको म्हणायच्या आत ते टेबलाजवळ जमिनीवर उताणे झाले. “उचल. सरळ उचल. भरल्या पातेल्यासारखी.”

तिने पेटी दोन्ही हातांनी उचलली. घुमघूम तिच्या कोपरांपर्यंत आली. खाली काका डोळे बारीक करून बघत होते.

“लेबल नाही. कापड आहे.”

तिला आठवलं. पेटीची घुमघूम टेबलातून माइकमध्ये शिरते म्हणून बाबांनीच खाली जाड फेल्ट चिकटवलं होतं. बाबा एखादी वस्तू चिकटवायचे ती कायमची.

“कोपरा सुटतोय,” काका म्हणाले.

“हळू हं.”

“हळूच करतोय. आलं… आलं…” आणि मग चर्र असा आवाज झाला. “आलं सगळंच.”

फेल्टबरोबर लेबल आलं होतं. निम्मं फेल्टवर, निम्मं पेटीवर आणि मधलं डिंकात. काकांनी वाचून दाखवलं, “‘हार्डवेअर आवृ’. त्याच्यापुढे दादांचा डिंक.”

“भाऊजी, जमिनीवर काय करताय?”

दारात आई उभी होती. मान एका बाजूला वळवून, डोळ्यांच्या कडेने बघत.

“पाठ धरलीय, वहिनी.”

“आणि हिने पेटी उचलली म्हणून सुटणार आहे का ती?”

आई चाचपडत खुर्चीपाशी आली आणि बसली. “मला दिसत नाही, बाळा. ऐकू येतं. एरवी तू या खोलीत बसलीस की बटणं नुसती बडवत असतेस. आज सकाळपासून एक बटण वाजलेलं नाही.” मग अगदी सरळ आवाजात तिने विचारलं, “गेलं का सगळं?”

“माहीत नाही, आई.”

“बरं.”

त्या ‘बरं’पुढे मदतकेंद्राचं ‘अच्छा’ काहीच नव्हतं. मुलीने पेटी जपून खाली ठेवली आणि फोनचा स्पीकर चालू केला.

“लेबल फाटलं हो,” ती म्हणाली. “आता?”

“कॉम्प्युटरमध्येही बघता येतं, मॅडम. उपकरणांची यादी उघडायची. पण त्याआधी तो समोरचा प्रश्न घालवा. ‘रद्द करा’ दाबा.”

“काय रद्द होतं त्याने?”

“काहीच नाही. ‘रद्द करा’ म्हणजे काही करू नका.”

“मग ‘काही करू नका’ असं लिहा ना! तीन शब्द लिहायला काय झालं होतं?”

“कळवते, मॅडम.”

तिने माउस धरला. बाण ‘रद्द करा’वर गेला, तिथून घसरून ‘होय’वर आला, परत गेला. माउस टेबलावर खुडखुडत होता.

“मी दाबतो,” काका जमिनीवरून म्हणाले.

“नाही!” दोघी एकदम ओरडल्या. फोनमधूनही कुणीतरी “नको, सर” म्हणालं.

“तू बाण नेमका ठेव आणि हात काढून घे,” आई म्हणाली. “मी दाबते. हॉस्पिटलातही तुझे हात असेच थरथरत होते. तेव्हाही सही मीच केली.”

तिने बाण बटणाच्या बरोबर मधोमध ठेवला, श्वास रोखून हात काढला आणि आईचं बोट धरून माउसवर टेकवलं. आईने मान भिंतीकडे वळवली. तसं केलं तरच तिला डोळ्याच्या कडेने पडदा दिसायचा. मग तिने दाबलं.

प्रश्न नाहीसा झाला. बाकी काही झालं नाही. तिघंही त्या काहीच न झालेल्याकडे बघत राहिली.

पुढचं मदतकेंद्रातली बाई सांगत गेली आणि मुलगी करत गेली. उपकरणांच्या यादीत पेटीचं नाव, त्यावर माउसचं उजवं बटण, गुणधर्म, तपशील, हार्डवेअर ओळख. इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक आगगाडी समोर आली.

“त्यात आर, ई, व्ही अशी अक्षरं असतील. त्याच्यापुढचे आकडे वाचा.”

“शून्य, एक, शून्य, शून्य.”

“आवृत्ती पहिली,” बाई म्हणाली. “सगळ्यात जुनी. ड्रायव्हरबरोबर एक माहितीपत्रक उतरलं असेल, ते वाचलंत का, मॅडम?”

मुलीने पत्रक उघडलं. पहिलीच ओळ, ठळक टाइपात: ‘हा ड्रायव्हर हार्डवेअर आवृत्ती १ व २ यांच्याशी जुळत नाही.’ प्रस्तावना कुणी वाचत नाही, अशी तक्रार ती किती लेखकांकडून ऐकत आली होती. त्या सगळ्यांची तिने मनातल्या मनात माफी मागितली.

“आता काढून टाका,” बाई म्हणाली.

“काय काढून टाका?”

“ड्रायव्हर, मॅडम. फक्त ड्रायव्हर.”

तिसरी आवृत्ती गेली, पहिली आली. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा होता. पडदा काळा झाला आणि त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. बाबा गेल्यापासून तिने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. तिच्या खांद्यामागे आईचा चेहरा होता. पेटीची घुमघूम थांबली, आणि ती थांबल्यावर खोली केवढी मोठी आहे हे कळलं.

“बंद पडली का गं?” आईने विचारलं.

“येईल,” काका म्हणाले. “लिफ्ट खालून वर यायला वेळ लागतो, वहिनी. आतला माणूस तेवढ्यात घाबरतो, बस.”

मग घुम्म झालं. पेटीचा निळा दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. पडद्यावर एक खिडकी आपोआप उघडली. तिने पुन्हा एखादा प्रश्न असणार म्हणून डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर पुस्तकांची नावं होती. एकाखाली एक, समास सारखे.

“दिसतायत,” ती म्हणाली. “आई, नावं दिसतायत.”

“नावं दिसून काय करू? आवाज आहे का?”

“एखादी फाइल चालवून बघा, मॅडम,” फोनमधून आवाज आला.

कादंबरीला हात लावायचा तिला धीर होईना. तीच उघडली नाही तर? म्हणून तिने तळाची, सगळ्यात लहान फाइल निवडली. त्यात काही बिघडलेलं निघालं तर निदान थोडकंच बिघडलेलं निघेल. नाव होतं ‘चाचणी’. ती यापूर्वी कुणीच ऐकली नव्हती.

आधी नुसती खरखर. मग खाकरणं. मग बाबा.

“आवाजाची चाचणी. जवळ दुसरं काही नाही, म्हणून या पेटीसोबत आलेली पुस्तिका वाचतो.” पान उलटल्याचा आवाज. आणि मग तोच भरदार, सावकाश आवाज, ज्याने कोर्टात विधवेला उभं केलं होतं: “प्रकरण पहिलं. आपल्या उपकरणाची हार्डवेअर आवृत्ती कुठे पाहावी.”

काका उठून बसले.

“ड्रायव्हर टाकण्याआधी,” बाबा म्हणाले, आणि इथे ते असे थांबले की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा, “आपल्या पेटीची आवृत्ती तपासून घ्यावी. ती पेटीच्या तळाशी असलेल्या लेबलवर दिलेली असते. लेबल दिसत नसल्यास…” मग तो आवाज एकदम घरगुती झाला. “दिसत नसल्यास म्हणजे काय? लेबल काय उठून जाणार आहे?” पुन्हा खाकरणं. “लेबल दिसत नसल्यास, कॉम्प्युटरवरील उपकरणांच्या यादीत पेटीचे गुणधर्म उघडावेत.”

“हे कोण बोलतायत, मॅडम?” फोनमधून हलकेच विचारणा झाली.

“बाबा.”

“बरोबर सांगतायत,” बाई म्हणाली.

मुलीला हसू फुटलं आणि ते मधेच कुठेतरी वळलं. पेटी उघडायची कशी हे बाबांनी अगदी सविस्तर, विरामचिन्हांसकट सांगून ठेवलं होतं. पेटीत ठेवलं होतं. काका चष्मा पुसत होते, पुसून झाल्यावरही पुसत होते. आई मात्र पुढे झुकली होती, मान सरळ, जिथे तिला काहीच दिसत नसे नेमकं तिकडे बघत.

“अगं,” पेटीतून बाबांनी हाक मारली, वाचनाच्या आवाजात नव्हे, दारातून मारतात तशी. “तिकडे ऐकू येतंय का?”

“येतंय,” आई म्हणाली.

आणि त्याच क्षणी पेटीतूनही, लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून, आईच ओरडली, “येतंय हो! किती वेळा विचाराल? चहा निवतोय इथे!”

आईने तोंडावर हात ठेवला. फोन अजून चालूच होता.

“बरं,” बाबा म्हणाले. “मग पुढचं वाचतो.”